पाठ नसलेली प्रार्थना

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. अठ्ठावीस वर्षं झाली. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनखोल्या यांना तोंडपाठ आहेत, घरात चहापत्तीचा डबा कुठे असतो ते मात्र अजून विचारावं लागतं. मी लसीकरण केंद्रात नर्स आहे. दिवसभर तान्ह्या बाळांना रडवायचं आणि त्यांच्या आयांना धीर द्यायचा, हे माझं काम. आम्हाला एकच मुलगी, तेवीस वर्षांची. नुकतीच नोकरीला लागली आहे. तिची जीभ तिच्या आजीवर गेली आहे असं मी म्हणते. कोणत्या आजीवर, यावर आमचं एकमत नाही.

दर रविवारी आम्ही चर्चला जातो. म्हणजे मी जाते, हे तिथेच राहायला असल्यासारखे असतात. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना आमच्याकडे ‘वडील’ म्हणतात, आणि हे अकरा वर्षं वडील आहेत. छताच्या समितीत हे, गालिच्याच्या समितीत हे, नियमावली सुधारायची टूम निघाली तर त्या समितीतही हेच. गालिचा कोणत्या रंगाचा घ्यायचा यावर सात बैठका झाल्या आणि शेवटी जुनाच धुऊन आणला. नवरा देवाच्या कामात आहे, मग तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

तर अशाच एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो. यांनी डोळे मिटले, प्रार्थना म्हटली, आमेन म्हणून हात पुढे केला. मुलीने ताटाशेजारी ठेवलेला फोन उचलला आणि म्हणाली, “चार सेकंद.”

“कसले चार सेकंद?” हे म्हणाले.

“तुमची प्रार्थना. गेल्या रविवारीही चारच होते. त्याच्या आधीच्या रविवारी पाच, पण त्या दिवशी तुम्हाला मध्ये खोकला आला होता.”

हे हसले. “जेवण गार करून प्रार्थना केलेली देवाला आवडत नाही.”

“लांब की आखूड, त्याचं काही नाही हो पप्पा.” तिने फोन उलटा ठेवला. “मला तुम्हाला सांगायचंच होतं. पुढच्या रविवारपासून मी येणार नाही.”

यांचा घास हातातच राहिला. “कुणी काही बोललं का तुला?”

“नाही. कुणी काहीच बोलत नाही, तेच तर.” ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती अगदी सावकाश, आम्हाला लागू नये अशा बेताने बोलत होती. “एखादा नवीन ब्रेक आला की तुम्ही मला अर्धा तास सांगता. डोळे चमकतात तुमचे. चर्चहून आल्यावर काय सांगता? कोण उशिरा आलं आणि माईक कसा खरखरत होता. इतकी वर्षं बघतेय मी. तिथे खरंच काही असतं, तर एकदा तरी तुमच्या चेहऱ्यावर दिसलं असतं ना?”

मी उठून उगाचच पाण्याचा जग भरायला गेले. प्रश्न तिने बापाला विचारला होता, पण झोंबला मलाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, ती लिफ्टची गोष्ट घडली. मी तिथे नव्हते. मला ती यांच्याकडून कळली आणि नंतर त्या बाईंकडूनही कळली. दोघांचं सांगणं सगळं जुळतं, फक्त रडलं कोण यावर दोघांचा अजून वाद आहे.

सकाळी अकराच्या सुमाराला यांना फोन आला. एका आठ मजली इमारतीतली लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती, आत एक वयस्कर बाई होत्या. हे पोचले, गच्चीवर गेले. ब्रेकची कॉइल जळाली होती, त्यामुळे ब्रेक सुटत नव्हता. अशा वेळी एका लोखंडी दांड्याने ब्रेक हाताने सोडायचा आणि मोठं चाक फिरवत लिफ्ट मजल्याला आणायची. दहा मिनिटांचं काम. पण भिंतीवर दांडा अडकवायची जागा रिकामी होती. नंतर कळलं, कुणीतरी तो नेऊन गच्चीवरच्या कुंडीतल्या वेलाला आधार म्हणून रोवला होता. यांनी वर्कशॉपला फोन लावला. सहकारी म्हणाला, दुसरा दांडा घेऊन येतो, चाळीस मिनिटं धर.

हे पाचव्या मजल्यावर आले आणि किल्लीने बाहेरचं दार उघडलं. लिफ्ट बरीच खाली होती, तिचा वरचा हातभर भाग तेवढा समोर दिसत होता. आतलं दार यांनी चार बोटं सरकवलं. त्याहून जास्त उघडायचं नाही, अशा फटीतून माणूस ओढायला गेलं की जीव जातो, हे यांना पक्कं ठाऊक. मग हे सरळ जमिनीवर पालथे पडले आणि फटीला तोंड लावलं. तेवढ्यात जिन्याने कुणीतरी सामानाच्या पिशव्या घेऊन वर चाललं होतं, ते यांच्या पायांवरून टांग टाकून गेलं. “काय पडलंय का?” एवढं मात्र विचारलं.

“बाई, मी मेकॅनिक आहे,” हे फटीतून म्हणाले. “घाबरू नका. लिफ्ट खाली पडत नाही. ब्रेकनेच धरून ठेवली आहे.”

“लिफ्टला कुणी धरलंय ते मला नका सांगू. किती वेळ?”

“चाळीस मिनिटं.”

आतून पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, “आत दिवा नाही. माझी छाती धडधडते आहे.”

यांनी आपली पाण्याची बाटली आत सोडली, मग बॅटरी. बॅटरी देताना खिशातला पाना घसरून लिफ्टच्या लोखंडी दारावर आपटला, आणि यांच्या तोंडून निघालं, “अरे प्रभू!”

“तुम्ही प्रभू म्हणालात,” बाई आतून म्हणाल्या.

“हो.”

“सवयीने, की मानता?”

“मानतो. मंडळीत वडील आहे मी.”

“मग प्रार्थना करा माझ्यासाठी. मला आत्ता स्वतःला जमणार नाही.”

यांनी तिथेच डोळे मिटले आणि सुरू केलं, “हे परमदयाळू पित्या, आजच्या या सुंदर दिवसाबद्दल आम्ही तुझे मनःपूर्वक आभार मानतो, आणि येथे जमलेल्या सर्वांना...”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “इथे मी एकटीच जमले आहे.”

यांनी डोळे उघडले.

“कागद बघून वाचताय का?”

“नाही बाई.”

“मग पाठ आहे. अहो, चौतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजला होते. ‘आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा’ असं सांगणारा आवाज ऐकलाय ना कधी? तो माझाच. नाकात नळी असलेल्या माणसाने फोन लावला तरी तेच, लग्न ठरलेल्या मुलीने लावला तरी तेच. तो आवाज मला झोपेतसुद्धा ओळखू येतो. माझे यजमान गेले तेव्हा चर्चमधली सगळी माणसं माझ्याशी त्या आवाजात बोलायला लागली, म्हणून अकरा वर्षांपूर्वी मी जाणं सोडलं. तुम्ही नका त्या आवाजात बोलू. त्यापेक्षा गप्प बसा.”

हे गप्प बसले. किती वेळ, ते यांना सांगता येत नाही. बाई म्हणतात, मला वाटलं हा माणूस उठून गेला. यांच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते यांनी मला एकदाच सांगितलं. शब्द शोधत होते हे. कोणताही एक, आपला असा. आणि सापडत नव्हता.

मग हे बोलले, इतक्या हळू की बाईंना पायांच्या टाचा उंचावाव्या लागल्या.

“प्रभू, मला बोलायला येत नाहीये. पूर्वी यायचं. कधी बंद झालं ते कळलंच नाही, मुलीने विचारलं तेव्हा कळलं. या बाई आत आहेत, त्यांना भीती वाटते आहे. मला यांचं नाव माहीत नाही, तुला माहीत आहे. यांच्याजवळ बस. आणि जमलं तर माझ्याजवळही बस.”

यानंतर कुणीतरी रडलं. असो.

बाकीची पंचवीस मिनिटं दोघं गप्पा मारत होते. सहकारी दांडा घेऊन आला, यांनी चाक फिरवून लिफ्ट चौथ्या मजल्याला आणली आणि दार उघडलं. डाव्या हातात बॅटरी, उजव्या हातात औषधांची पिशवी, अशा ठेंगण्याशा बाई बाहेर आल्या. राहायला सातव्या मजल्यावर, गुडघे दुखरे, पण लिफ्टमध्ये पाऊल टाकायला साफ नकार. मग यांनी त्यांना जिन्याने वर नेलं. दर मजल्याला पायरीवर बसत, पाऊण तास लागला. दाराशी बाई म्हणाल्या, “शनिवारी चार वाजता या. बायकोला आणा. पाठ केलेलं काही आणू नका.”

संध्याकाळी मी बटाटे सोलत असताना यांनी मला हे सगळं सांगितलं. तुम्हाला वाटेल माझे डोळे भरून आले असतील. खोटं कशाला सांगू, मला आधी रागच आला. या माणसाशी मी सव्वीस वर्षं संसार केला. शेजारी उशी, समोर ताट. आणि मनातलं खरं बोलायची वेळ आली तेव्हा हा माणूस बोलला कुणाशी? लिफ्टच्या फटीतून एका परक्या बाईशी!

“मला का नाही सांगितलंत इतके दिवस?” मी सुरी खाली ठेवली.

“काय सांगणार? की मी वडील आहे आणि माझ्या आत काही हलत नाही?” हे खुर्चीत बसले. मग माझ्याकडे अशा आशेने बघितलं की माझा राग विरघळलाच. “तुझं तरी चालू आहे ना?”

हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. गायनमंडळात पहिल्या रांगेत उभी असते मी. पण म्हटलं, आज नको.

“गेल्या रविवारी स्तुतिगीत म्हणताना मी आमच्या लसींच्या फ्रिजचा विचार करत होते,” मी म्हणाले. “दोन ते आठ अंश. तिसऱ्या कडव्यापर्यंत तेच.”

हे आधी हसायला लागले, मग मीही. हसता हसता बटाटे तसेच राहिले.

त्या संध्याकाळी आम्ही बऱ्याच वर्षांनी जुनं काढून बोललो. लग्न झालं तेव्हा सायकलच्या दुकानावर आमची एकच खोली होती. शनिवारी दुपारी आम्ही हाडांच्या इस्पितळात जायचो. पायाला वजनं बांधून महिना महिना पडून असलेली माणसं तिथे. हे पुरुषांची नखं कापायचे, मी बायकांचे केस विंचरायची. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं लिहून द्यायचो. कुणी विचारलं, तुम्ही कशाला येता, तर सांगायचो. नाही विचारलं तर गप्प. परत येताना चालता चालता प्रार्थना करायचो, डोळे उघडे ठेवून. एकदा मी भावनेच्या भरात डोळे मिटले आणि सायकलवाल्याच्या अंगावर गेले. तेव्हा यांना देवाचं इतकं वेड होतं की चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्या सासूबाईंना सांगितलं होतं, पोराला जरा जेवायखायला घालत जा, नाहीतर उपाशीच फिरेल.

“कधी बंद केलं आपण जाणं?” यांनी विचारलं.

“पोर झाली तेव्हा. म्हणालो होतो, सहा महिने थांबू.”

दोघांनीही मनातल्या मनात हिशेब केला. तेवीस वर्षं.

शुक्रवारी हे पाळकसाहेबांकडे गेले, वडीलपदाचा राजीनामा घेऊन. आमचे आताचे पाळक बत्तीस वर्षांचे आहेत, मला तर कडेवर घ्यावेसे वाटतात. राजीनामा वाचून त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

“तुम्ही गेलात तर छताचं कोण बघणार?” ते पटकन बोलून गेले आणि लगेच कानापर्यंत लाल झाले. “माफ करा. तुम्ही मला एवढं मोठं सांगताय आणि मी छताचं काढतोय.”

“छत बघीन मी. पण समोर उभं राहून प्रार्थना कशी म्हणू? आत उजेड नसताना?”

पाळकसाहेबांनी बशीतला चहा परत कपात ओतला. “मला वाटायचं, असं फक्त माझंच होतं,” ते म्हणाले. “दर सोमवारी. रविवारचा उपदेश संपला की मी चिपाडासारखा होतो. तुमच्याकडे बघून वाटायचं, हे बघा, किती स्थिर माणूस.” मग त्यांनी विचारलं, “सुरुवातीला, जेव्हा प्रेम ताजं होतं, तेव्हा तुम्ही दोघं काय करत होतात?”

यांनी इस्पितळाचं सांगितलं.

“मग तेच करा. दोन समित्या सोडा आणि ते पुन्हा करा.”

“पण मनात नसताना केलं तर ढोंग होईल.”

“मन नसताना ‘मन आहे’ असं दाखवलंत तर ढोंग. मन नाही हे प्रभूला सांगून गेलात तर कसलं ढोंग?”

राजीनामा खिशात परत घेऊन हे घरी आले आणि मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, पोरगं वाटतं तेवढं कच्चं नाही.

लिफ्टची नवी कॉइल अजून यायची होती, म्हणून शनिवारी चारला आम्ही सात मजले चढून गेलो. बाईंचं घर म्हणजे दोन खोल्या, खिडकीत एक खुर्ची, भिंतीवर यजमानांचा फोटो आणि कोपऱ्यात एक जुना जड काळा फोन, ज्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. निवृत्तीच्या दिवशी मिळालेला. बुधवारपासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. ब्रेड संपला होता, औषध दोन दिवसांचं उरलं होतं. मी रक्तदाब मोजला, यांनी खाली जाऊन सामान आणलं. मग चहा झाला आणि बाई म्हणाल्या, “आता एकेक खरं वाक्य. जास्त नको.”

आधी माझ्याकडेच बोट. माझी तर बोबडीच वळली. गायनमंडळातली सगळी गाणी आठवली, वाक्य एक आठवेना. शेवटी म्हणाले, “प्रभू, मला आज दुपारी झोपायचं होतं.”

बाई खुदकन हसल्या. “छान. पुढे?”

“पुढे काही नाही.”

“मग आमेन म्हणा.”

यांनी म्हटलं, “प्रभू, मला पुन्हा तुझी ओढ लागू दे.” तेवढंच. पण यांचा तो आवाज मी सव्वीस वर्षांपूर्वी त्या इस्पितळातून चालत परत येताना ऐकला होता. मी बशी पुसायच्या निमित्ताने आत गेले.

पुढे दर शनिवारी तेच झालं, इस्पितळाऐवजी आता सातवा मजला. दर वेळी काही अंगावर काटा येत नसे. एका शनिवारी आम्ही दोघं वाटेत छत्रीवरून भांडलो होतो आणि घुम्यासारखे बसलो. एकदा हे म्हणाले, “आज काही नाही माझ्याकडे.” बाई म्हणाल्या, “मग त्याला सांगा की काही नाही, आणि बसा.” बसलो. चहा प्यायलो, उतरलो. पण एका मंगळवारी केंद्रात एक अगदी नवखी आई आली. बाळापेक्षा तीच जास्त थरथरत होती. सुई टोचताना मी सवयीने ‘काही होत नाही हं’ म्हणणार, तेवढ्यात थांबले आणि विचारलं, “तुम्हाला कशाची भीती वाटते?” रांग खोळंबली. ती पाच मिनिटं बोलली. तिने डोळे पुसले तेव्हा मी मनातल्या मनात तिच्यासाठी दोन शब्द बोलले, आणि मला जाणवलं, माझ्या बोलण्याला पलीकडे कुणीतरी आहे. किती वर्षांनी! मी घरी येऊन यांना सांगितलं, तर हे मशीनखोलीत सकाळी असंच झाल्याचं सांगायला माझीच वाट बघत होते.

सातव्या शनिवारी बाई अचानक म्हणाल्या, “मला चर्चला यायचं आहे. पण सात मजले उतरणं माझ्या गुडघ्यांना झेपणार नाही.”

“लिफ्टने येऊ,” हे म्हणाले.

बाईंचा चेहरा उतरला.

“कॉइल नवीन घातली आहे. दांडा साखळीने बांधला आहे. सगळा दोर मी हाताने तपासलाय. आणि मी तुमच्याबरोबर आत उभा राहीन.”

रविवारी सकाळी आम्ही तिघं लिफ्टसमोर उभे. बाईंनी माझा हात असा धरला की माझी अंगठी बोटात रुतली. दार लागलं. बाई मोठ्याने मजले म्हणत होत्या, एक्स्चेंजवर नंबर सांगावेत तसे, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं. “सहा. पाच.” पाचनंतर आवाज थांबला. यांनी खाली वाकून हळूच म्हटलं, “चार.” “चार,” बाई म्हणाल्या. तळमजल्यावर दार उघडलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

खाली आमची लेक मैत्रिणीची गाडी घेऊन उभी होती. गाडी चालवायला ती एका अटीवर तयार झाली होती: ती फक्त ड्रायव्हर. पण बाईंना पायऱ्या चढवायला हात हवा होता, आणि आत गेल्यावर बाईंनी तो सोडलाच नाही. त्यामुळे ड्रायव्हरला शेवटच्या बाकावर बसावं लागलं.

त्या दिवशी प्रार्थनेची पाळी यांची होती. हे पुढे जाऊन उभे राहिले आणि बोललेच नाहीत. लोक डोळे किलकिले करून बघायला लागले. कुणीतरी उठून माईक तपासला. मी गायनमंडळातून बघत होते. मग हे म्हणाले, “प्रभू, आम्ही इथे बसलोय, पण आमच्यातले काही जण बऱ्याच दिवसांत तुझ्याजवळ आले नाहीत. मी त्यातला एक होतो. दमलेल्यांना जवळ घे. आम्हाला तू हवा आहेस, गालिच्यापेक्षा जास्त.” आमेन.

एक-दोघं हसले. पुढच्या बाकावरच्या एक आजी रुमाल शोधायला लागल्या. गालिचा समितीचे अध्यक्ष मात्र दाराशी यांना गाठून म्हणाले, “जरा तयारी करून येत जा हो.” हे म्हणाले, “तयारीच केली होती, यावेळी.”

परतताना गाडीत मुलीने आरशातून मागे बघितलं. “पप्पा, तुम्हाला खरंच वाटतं, तो ऐकतो?”

मला धास्ती, हे वडीलकीचं काही बोलतात की काय!

“आज वाटलं,” हे म्हणाले. “परवा अजिबात वाटलं नव्हतं. परवाही बोललो.”

सिग्नल सुटल्यावरही दोन क्षण गाडी तशीच उभी होती, मागच्याने भोंगा वाजवला तेव्हा हलली.

त्यानंतर ती रविवारी आली नाही. आम्हीही विचारलं नाही. जिभेवर आलं की हे माझ्या पायावर पाय द्यायचे. पण तीन आठवड्यांनी, शनिवारी, आम्ही निघताना ती चपला घालून दारात तयार. म्हणाली, बटाट्यांची पिशवी जड आहे, आई, तुझी पाठ दुखते. माझी पाठ दुखत नव्हती. मी कण्हून दाखवलं.

दोन शनिवार ती पिशवी ठेवून खिडकीत बसली, बाईंकडून एक्स्चेंजच्या गोष्टी ऐकत. बाईही खट, त्यांनी तिच्याकडे कधी बोट केलं नाही. तिसऱ्या शनिवारी आमची एकेक वाक्यं झाली. आम्ही डोळे उघडणार, तोच खिडकीतून तिचा आवाज आला. मी इतकी दचकले की चष्मा नाकावरून घसरला.

“प्रभू, मला अजून खात्री नाही. पण यांच्याकडे बघून मला तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. बस, एवढंच.”

“आमेन!” हे असे ओरडले की कपबशा थरथरल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि यावेळी कोण रडलं याबद्दल कुणालाही वाद घालता आला नसता. मुलगी म्हणाली, “पप्पा, हळू!” आणि स्वतःच हसत, नाक पुसत, यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

मिनिटभरात दारावर थापा पडल्या. उघडलं तर खालच्या मजल्यावरचे एकटे राहणारे निवृत्त बसचालक, पायात दोन वेगवेगळ्या चपला, धापा टाकत.

“आवाज आला मोठा,” ते म्हणाले. “सगळं ठीक आहे ना?”

“सगळं ठीक आहे,” बाई खुर्चीतून म्हणाल्या. “आत या. चहा ठेवतोच आहोत.”